परवानगी आणि अधिकार

(नांदेड येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संकलित रूप)



या वर्गाचे निमंत्रण माझ्याकडे आले, तेव्हा त्याच्यासोबत लातूर जिल्ह्यातील एका कार्यकर्त्याचा प्रश्नही आला. त्याने विचारले, ‘सर, सोयाबीनला भाव नाही, ऊसतोड मजुराच्या डोक्यावरची उचल फिटत नाही, उन्हाळा आला की प्यायला पाणी नाही. अशा वेळी प्राध्यापकांच्या स्वातंत्र्याची चर्चा आपण कशासाठी करायची? ज्यांना दरमहा पगार आहे त्यांची काळजी त्यांनीच करावी.’ हा प्रश्न उद्धट नाही, प्रामाणिक आहे. समाजवादी चळवळीत काम करणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. माझे आजचे सारे बोलणे या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असे आपण समजावे.

उत्तराची सुरुवात मी राज्यघटनेपासून करणार नाही. ती आपल्याच मातीपासून करतो. कारण परवानगीने मिळालेले स्वातंत्र्य आणि अधिकाराने मिळालेले स्वातंत्र्य यांतील अंतर मराठवाड्याइतके महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याही भागाने भोगलेले नाही.

निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ नावाचे एक प्रसिद्ध फर्मान होते. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. जाहीर सभा घ्यावयाची असेल तर आधी सरकारची परवानगी घ्यावी, असे ते परिपत्रक सांगे. तो विधिमंडळाने केलेला कायदा नव्हता. त्यावर चर्चा झालेली नव्हती आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची जागाही नव्हती. खासगी शाळा काढावयाची तरी परवानगी लागे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ साली तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी घातली गेली. जन्माला न आलेल्या संघटनेवर बंदी घालण्याचा पराक्रम त्या राजवटीच्या नावावर आहे. त्या बंदीविरुद्ध ज्यांनी सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला, त्यांत हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शाळा चालवणारे एक शिक्षक होते. ते म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिदिनीच, ते विद्यापीठ स्थापन झाले. परवानगीवाचून बोलल्याबद्दल आणि संघटना केल्याबद्दल ज्याने शिक्षा भोगली अशा माणसाचे नाव ज्या विद्यापीठाच्या कमानीवर आहे, त्याच्या कक्षेतील महाविद्यालयांमध्ये आज कोण किती मोकळेपणाने बोलू शकतो, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला विशेष हक्क आहे. किंबहुना ते आपले कर्तव्य आहे.

त्याच १९३८ सालच्या अखेरीस हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही हा वाद पेटला होता. विद्यार्थ्यांनी बंदी मानली नाही. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते, तसेच मराठवाड्यातील अनेक तरुण होते. त्या मुलांचे शिक्षण कायमचे संपले असते. ते संपले नाही याचे कारण नागपूर विद्यापीठ. तेथील कुलगुरू केदार यांनी या विद्यार्थ्यांना आपली दारे उघडी केली. एक दार बंद झाले तेव्हा दुसरे उघडे होते, कारण दुसऱ्या दाराची किल्ली निजामाच्या खिशात नव्हती. विद्यापीठांची स्वायत्तता म्हणजे काय, हे समजण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. साऱ्या विद्यापीठांच्या किल्ल्या एकाच मंत्रालयाच्या जुडग्यात गेल्या, तर उद्याच्या नागपूरला उद्याच्या उस्मानियातून काढलेली मुले घेता येणार नाहीत.

गाणे म्हणणारे आणि गाणे न म्हणणारे

आता या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगतो, कारण पहिल्या भागाला टाळ्या पडतात आणि दुसऱ्याला पडत नाहीत. १९८५ साली केरळातील एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. त्यांचा अपराध काय? राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, परंतु म्हणत नसत. ती यहोवाज् विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती आणि देवाखेरीज कोणाची स्तुती गाऊ नये अशी त्यांची श्रद्धा होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी बिजो इमॅन्युएल खटल्याचा निकाल लागला आणि मुलांना परत शाळेत घेण्याचा आदेश झाला.

या निकालातील एक मुद्दा आपण सर्वांनी वहीत लिहून घ्यावा असा आहे. शाळेने ज्यांच्या आधारे कारवाई केली ती शिक्षण खात्याची परिपत्रके होती. न्यायालयाने सांगितले की, नागरिकाच्या अभिव्यक्तीवर बंधन घालावयाचे असेल तर ते कायद्यानेच घातले पाहिजे. ज्या खातेनिहाय सूचनांना कायद्याचा आधार नाही, त्या सूचनांनी मूलभूत हक्क काढून घेता येत नाही.

१९३८ साली मुलांना गाणे म्हटले म्हणून काढले आणि १९८५ साली गाणे म्हटले नाही म्हणून काढले. दोन्ही वेळा हत्यार एकच होते, परिपत्रक. फरक एवढाच की, मधल्या काळात २६ जानेवारी १९५० हा दिवस येऊन गेला होता. हैदराबादच्या मुलांना दाद मागावयास जागा नव्हती, केरळच्या मुलांना ती होती. परवानगी आणि अधिकार यांतील अंतर म्हणतात ते हे. आणि ज्याला पहिल्या मुलांचा अभिमान वाटतो पण दुसऱ्या मुलांचा राग येतो, त्याला स्वातंत्र्याचे प्रेम नसून केवळ गाण्याचे प्रेम आहे, असे मी नम्रपणे म्हणेन.

परिपत्रकाचा मोह जुन्या राजवटीबरोबर संपला असे मात्र नाही. २७ ऑगस्ट २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने राजद्रोहाच्या कलमाबाबत पोलिसांसाठी एक परिपत्रक काढले. सरकारवर आणि लोकप्रतिनिधींवर केलेली टीकाही राजद्रोहाच्या जवळ जावी अशी त्याची भाषा होती. वास्तविक हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच ते कलम लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ सालीच स्पष्ट केले होते. परिपत्रकाला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शासनाला ते मागे घ्यावे लागले. म्हणून कोणत्याही कार्यालयातून, कोणत्याही प्राचार्यांकडून ‘वरून सूचना आहे’ असे शब्द कानी आले की, आपला पहिला प्रश्न असावा: कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? अर्थात कायदा असला म्हणजे सारे आलबेल असे नव्हे. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, त्यातील बेकायदेशीर कृत्याची व्याख्या इतकी सैल आहे की तिच्यात काय बसेल यापेक्षा काय बसणार नाही हे सांगणे कठीण. परंतु कायद्याला निदान घटनेच्या कसोटीवर घासून पाहता येते. तोंडी निरोपाला कोणत्या कसोटीवर घासणार?

घटनेत काय आहे आणि काय नाही

आपल्या घटनेच्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात त्यावरील बंधनांची कारणे मोजून दिली आहेत. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने या यादीत सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी कारणे घातली, पण त्याच वेळी बंधन ‘वाजवी’ असले पाहिजे हा शब्दही घातला. १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने देशाची सार्वभौमता व एकात्मता हे कारण जोडले. ‘साहेबांची नाराजी’ किंवा ‘कुणाच्या तरी भावना’ अशी कारणे या यादीत नाहीत.

परंतु विद्यापीठीय स्वातंत्र्य हा वेगळा शब्द आपल्या घटनेत कोठेही नाही. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात संशोधन आणि अध्यापन यांचे स्वातंत्र्य स्वतंत्रपणे नोंदले आहे, कारण हिटलरच्या काळात विद्यापीठे कशी गुडघे टेकतात हे त्या देशाने पाहिले होते. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९६ च्या घटनेत तेच केले. आपल्याकडे प्राध्यापकाला मिळते ते संरक्षण नागरिक म्हणून मिळते, प्राध्यापक म्हणून नव्हे.

या दोन गोष्टी एक नाहीत, हे कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावे. चौकातील नागरिकाला चुकीचे बोलण्याचाही अधिकार आहे. पृथ्वी सपाट आहे असे त्याने सांगितले तरी त्याला पोलीस धरू शकत नाहीत. वर्गातील भूगोलाच्या शिक्षकाला मात्र तसे शिकवता येणार नाही, आणि तसे त्याला थांबवले तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडला असे कोणी म्हणणार नाही. त्याचे स्वातंत्र्य पुराव्याला, आकड्याला, आपल्या विषयातील जाणकारांच्या तपासणीला बांधलेले आहे. मग या स्वातंत्र्याचा अर्थ काय? अर्थ असा की, त्याची चूक ठरवावयाची ती त्या विषयाच्या अभ्यासकांनी, पुराव्याने. मंत्र्याने नव्हे, संस्थाचालकाने नव्हे आणि दारावर जमलेल्या जमावानेही नव्हे. चौकातले स्वातंत्र्य हे बोलणाऱ्याचे असते, वर्गातले स्वातंत्र्य अखेर ऐकणाऱ्याचे, म्हणजे विद्यार्थ्याचे आणि समाजाचे असते.

आमच्या अर्थशास्त्रातील एक उदाहरण देतो. पॉल स्वीझी हे अमेरिकेतील नामवंत मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ. कम्युनिस्टद्वेषाची लाट असताना न्यू हॅम्पशायर राज्याच्या महाधिवक्त्याने त्यांना बोलावून, विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात तुम्ही काय सांगितले, असे विचारले. स्वीझींनी उत्तर देण्याचे नाकारले. त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवण्यात आले. १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ज्या देशाला आपण भांडवलशाहीचा बालेकिल्ला म्हणतो, तेथे एका समाजवादी अध्यापकाला वर्गाच्या दारापाशी सरकारला थांबवता आले. आपल्या बाजूच्या राजवटींनी आपल्या विरोधी अर्थशास्त्रज्ञांना इतके तरी दिले का, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. या बाबतीत समाजवादी जगाचा इतिहास स्वच्छ नाही.

आमच्याकडे मालक कोण?

येथवर मी सरकारबद्दल बोललो. परंतु नांदेड-लातूरच्या प्राध्यापकाला भीती कोणाची वाटते असे विचाराल, तर दिल्ली-मुंबईचे नाव बहुधा शेवटी येईल.

आपल्याकडील बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. त्यांचे मोठेपण मला नाकारावयाचे नाही. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची दुसरी सोय जवळजवळ नव्हती. नरहर कुरुंदकरांसारखा माणूस त्या महाविद्यालयाचा प्राचार्य झाला आणि धर्म, जात, इतिहास, मुक्तिसंग्राम यांवर गावोगाव निर्भयपणे बोलत राहिला. १९८२ साली व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. लातूरला दयानंद आणि शाहू महाविद्यालयांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शहरी मुलांच्या बरोबरीला आणले. हे ऋण मोठे आहे.

पण गेल्या काही दशकांत एक नवी रचना उभी राहिली. एकाच घराकडे शिक्षणसंस्था, साखर कारखाना, सहकारी बँक, बाजार समिती आणि विधानसभेची उमेदवारी, असे अनेक तालुक्यांत दिसते. प्राध्यापकाचा पगार सरकार देते, परंतु नेमणूक, बढती आणि चौकशी संस्थेच्या हाती असते. घटनेचे मूलभूत हक्क प्रामुख्याने ‘राज्या’विरुद्ध मागता येतात. विद्यापीठ हे कायद्याने निर्माण झाल्यामुळे राज्याच्या व्याख्येत येते. खासगी संस्था सहजासहजी येत नाही. गुजरातमधील एका अनुदानित महाविद्यालयाच्या अध्यापकांच्या प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थेविरुद्धही रिट चालू शकते असे म्हटले, विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणाची वाटही कायद्यात आहे. तरीही एकट्या अध्यापकाने संभाजीनगरच्या खंडपीठाचे उंबरे झिजवत वर्षे काढणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. सरकारी नोकराचेही मूलभूत हक्क नोकरीत शिरताना गळून पडत नाहीत, असे १९६२ च्या कामेश्वर प्रसाद खटल्यात ठरले. संस्थेच्या नोकराला ते वाक्य वाचून दाखवले तर तो उसासा टाकतो.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थी एम. फिल. करीत होता. त्याचे आईवडील स्वतः कोयत्यावर जात. त्याने विषय निवडला होता, ऊसतोड मजुरांची उचल आणि कर्जबाजारीपणा. मुकादम उचल कशी देतो, हंगाम संपल्यावर ती फिटत का नाही, पुढच्या हंगामाला मजूर कसा बांधला जातो, याची त्याने साठएक कुटुंबांत फिरून माहिती गोळा केली होती. प्रश्नावल्या भरलेल्या होत्या. त्या कुटुंबांपैकी बरीच ज्या कारखान्याला जात, त्याच्या संचालकांत आमच्या संस्थेतील मंडळी होती. मला कोणी धमकावले नाही. लेखी आदेश तर नाहीच. फक्त एक निरोप आला की, विषय जरा व्यापक घेतला तर मुलाचेच कल्याण होईल. मी त्या निरोपाचा अर्थ समजलो. त्या काळी माझी बढती अडलेली होती. मी मुलाला बोलावले आणि विषय बदलावयास सांगितले. राज्यातील साखर उद्योगाची वाटचाल, असा एक निरुपद्रवी विषय त्याने घेतला. त्याला पदवी मिळाली. त्या साठ कुटुंबांच्या प्रश्नावल्या माझ्या कपाटात राहिल्या आणि पुढे वाळवीने खाल्ल्या.

तो निर्णय संस्थेने घेतला असे मी म्हणू शकत नाही. तो मी घेतला. दडपशाहीचा खरा विजय येथेच असतो. ज्या प्राध्यापकावर कारवाई झाली त्याची बातमी होते, कारवाईची वेळच येऊ न देणाऱ्या प्राध्यापकांची नोंद कोठेही होत नाही. आणि आता मी त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे वळतो. त्या दिवशी नुकसान कोणाचे झाले? माझे झाले नाही, मला बढती मिळाली. मुलालाही पदवी मिळाली. नुकसान झाले ते त्या साठ कुटुंबांचे, ज्यांच्या उचलीचा हिशेब कागदावर आलाच नाही. प्राध्यापकाचे स्वातंत्र्य गेले की किंमत मजुराला चुकवावी लागते, ती अशी.

आकडा कोण सांगणार?

याची उलट बाजूही पाहा. मराठवाडा मागास आहे असे आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत होतो. परंतु प्रादेशिक असमतोलाचा हिशेब शास्त्रीय पद्धतीने मांडला तो प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने, १९८४ च्या अहवालात. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत कोणत्या जिल्ह्याचा अनुशेष किती, हे त्यांनी जिल्हावार दाखवले. त्या पद्धतीवर टीका झाली, व्हावयासच हवी होती. पण आकडे समोर आल्यावर ‘मराठवाडा उगाच रडतो’ हे म्हणणे कठीण झाले आणि १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा त्याची हळहळ किती जणांना वाटली हा भाग वेगळा.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. साऱ्या देशाने ते चित्र पाहिले. ज्या खोऱ्यात प्यायला पाणी नाही तेथे ऊस किती लावावा, धरणातले पाणी कोणाला किती मिळते, विंधनविहिरी किती खोल गेल्या, हे प्रश्न विचारण्याचे काम भूगोलाच्या, अर्थशास्त्राच्या, कृषिशास्त्राच्या अध्यापकाचे आहे. त्याने ते विचारले नाहीत, तर दर दुष्काळात आपण फक्त टँकरची मागणी करीत राहू. सोयाबीनला भाव का नाही, याचे उत्तर घोषणेत मिळत नाही. आयातीचे धोरण, साठवणूक, बाजार यांचा अभ्यास करून ते कोणीतरी निर्भयपणे सांगावे लागते.

आणि आज ते सांगणार कोण? महाविद्यालयांत मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरील अध्यापक करतात. नेट-सेट, पीएच. डी. झालेला तरुण तासाच्या हिशेबाने मानधन घेतो, ते महिनोन्‌महिने थकते, सुट्टीचे मिळत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे त्याला माहीत नसते. त्याला काढून टाकावेही लागत नाही, पुढच्या वर्षी बोलावले नाही की झाले. अशा माणसाला १९वा अनुच्छेद वाचून दाखवणे ही थट्टा आहे. मी बढतीसाठी गप्प बसलो, तो तर भाकरीसाठी गप्प बसणार. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. बोलण्याच्या हक्कालाही तो इशारा लागू आहे. नोकरीची शाश्वती हा विद्यापीठीय स्वातंत्र्याचा आर्थिक पाया होय. युनेस्कोने १९९७ साली उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्यातही स्वातंत्र्याचा आणि सेवाशाश्वतीचा संबंध जोडलेला आहे. म्हणून रिक्त जागा भरण्याची मागणी ही केवळ बेकारीची मागणी नाही, ती घटनात्मक मागणी आहे.

आपली परीक्षा

अखेरीस थोडे आपल्याविषयी. सरकार आणि संस्थाचालक यांच्याखेरीज तिसरा एक सेन्सॉर आहे, तो म्हणजे जमाव. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर जे झाले त्यात नांदेड जिल्हा पुढे होता, ही शरमेची गोष्ट आहे. पोचिराम कांबळे याच जिल्ह्यात मारले गेले. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न होता, परंतु सुशिक्षितांतील, अध्यापकांतील आणि विद्यार्थ्यांतील फार मोठा वर्ग एक तर विरोधात उभा राहिला किंवा घरात बसला. गावात राहणाऱ्या दलित विद्यार्थ्याला त्या काळी कोणते भाषणस्वातंत्र्य होते? आपल्या पुरोगामी मंडळींतही अनेकांची जीभ त्या वेळी जड झाली. हे आपण मान्य केल्यावाचून पुढे बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला मिळत नाही.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. एका पुस्तकाने भावना दुखावल्या हे कारण होते. ते पुस्तक अनेकांना आक्षेपार्ह वाटले, वाटू शकते. परंतु पुस्तकाचे उत्तर पुस्तकाने द्यावयाचे असते. त्यावरील बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्याच २०१० साली मुंबई विद्यापीठाने एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेच्या दबावाखाली रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी अभ्यासक्रमातून काढली. तेथे न्यायालयात जाण्याचीही वेळ आली नाही, विद्यापीठ स्वतःच वाकले. पुढे दाभोलकर, पानसरे आणि माजी कुलगुरू कलबुर्गी यांना गोळ्या घातल्या गेल्या. वाकण्याच्या सवयीचा प्रवास कोठे संपतो, हे त्यावरून दिसते.

दंगा होईल या भीतीने बोलणाऱ्याचे तोंड बंद करता येत नाही, बोलणाऱ्याला संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या रंगराजन खटल्यात सांगितले. तो खटला कोणत्या चित्रपटाचा होता, हे आपणांपैकी किती जणांना माहीत आहे? जातीवर आधारित आरक्षणावर टीका करणारा तो तमिळ चित्रपट होता. म्हणजे ज्या विचाराला आपण आयुष्यभर विरोध केला, त्या विचाराच्या बचावातून आपल्या संरक्षणाचे तत्त्व निघाले. स्वातंत्र्याची परीक्षा आपल्या मित्राच्या भाषणात होत नाही. आपला विरोधक व्यासपीठावर असताना होते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, रिक्त जागा कायमस्वरूपी भरण्याची मागणी शेतकरी-मजुरांच्या मोर्चातही घ्या, ती फक्त प्राध्यापकांच्या संघटनेवर सोडू नका. दुसरी, कोणा अध्यापकाला किंवा विद्यार्थ्याला बोलल्याबद्दल नोटीस मिळाली की लेखी कारण आणि कायद्याचे कलम मागा, आणि त्याला एकट्याला न्यायाधिकरणाच्या दारात उभे करू नका. तिसरी, विद्यार्थ्यांच्या निवडणुकांचा आग्रह धरा. १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्याने त्यांना वाट करून दिली, पण त्या वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या गेल्या. ज्या तरुणाला अठराव्या वर्षी खासदार निवडता येतो त्याला वर्गप्रतिनिधी निवडता येऊ नये, यात कोणते शहाणपण आहे? आणि चौथी, आपल्या अभ्यासवर्गात पक्षाच्या मताविरुद्ध बोलणाऱ्या तरुणाला पूर्ण बोलू द्या. ज्याला घरात बोलता येत नाही, तो बाहेर दुसऱ्याच्या बोलण्यासाठी लढणार नाही.

लातूरच्या त्या मित्राला मी एवढेच सांगेन. प्राध्यापकाचे स्वातंत्र्य ही प्राध्यापकाची मालमत्ता नव्हे. ती तुझी ठेव आहे, आम्ही तिचे राखणदार. आमच्यापैकी पुष्कळांनी ती नीट राखली नाही, मीही राखली नाही. म्हणून आता तिचा हिशेब तू मागावास. तुझ्या गावातला एखादा मुलगा उद्या पुन्हा उचलीचा हिशेब लिहावयास बसेल, तेव्हा त्याच्या मार्गदर्शकाला निरोप पाठवणाऱ्यापेक्षा तुझा धाक अधिक वाटला पाहिजे.